स्वार, यंत्र आणि दोषाची वाटणी

मोटारसायकल शर्यतींच्या जागतिक स्पर्धेत हंगामाच्या अखेरीस स्वाराचे अजिंक्यपद आणि गाडी बांधणाऱ्या कंपनीचे अजिंक्यपद स्वतंत्रपणे जाहीर केले जाते. स्वाराच्या खात्यात त्याने स्वतः मिळवलेले गुण जमा होतात, तर कंपनीच्या खात्यात प्रत्येक शर्यतीत तिच्या सर्वांत पुढे आलेल्या गाडीचे गुण धरले जातात. माणसाचा वाटा आणि यंत्राचा वाटा निदान कागदावर तरी वेगळा करता येतो, असे या दुहेरी हिशेबामागचे गृहीत आहे. २०२० मध्ये या गृहीताची कसोटी लागली. यामाहाच्या इंजिनांतील झडपा, म्हणजे हवा-इंधनाचे मिश्रण आत घेणारे आणि जळालेला वायू बाहेर सोडणारे भाग, मंजूर नमुन्याबरहुकूम नाहीत असे आढळले, तेव्हा कंपनीच्या खात्यातून ५० गुण वजा करण्यात आले आणि तिच्या संघांचेही गुण कापले गेले. परंतु स्वारांच्या गुणांना हात लावला गेला नाही. स्वाराला इंजिनाच्या पोटात काय बसवले आहे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, म्हणून हा निर्णय न्याय्यच होता. तरीही नियमाबाहेरच्या यंत्रावर मिळालेले गुण निर्दोष कसे, हा प्रश्न त्या निर्णयाने सुटला नाही, आणि तो तसा सुटण्याजोगाही नव्हता.

श्रेयाची वाटणी इतकी अवघड असेल, तर दोषाची त्याहून अवघड असते. गाडी वळणावर घसरली, स्वार जखमी झाला किंवा अख्ख्या मोसमात एकही विजय हाती लागला नाही, की चाहत्यांचा एक गट स्वाराच्या हिमतीवर आणि कौशल्यावर बोट ठेवतो आणि दुसरा गट गाडीच्या इंजिनावर, सांगाड्यावर किंवा टायरवर. दोन्ही बाजूंची मते बहुधा एकाच शर्यतीच्या आधारे बनलेली असतात आणि एकाच शर्यतीच्या आधारे असा निवाडा करताच येत नाही. स्वार तोच ठेवून गाडी बदलली तर काय होते, किंवा गाडी तीच ठेवून स्वार बदलला तर काय होते, हे पाहिल्यावाचून दोघांचे वाटे वेगळे होत नाहीत. शर्यतीच्या जगात स्वार संघ बदलतात, कंपन्या एकच गाडी दोघा-चौघांना देतात, आणि त्यामुळे असे प्रयोग आपोआप घडत राहतात. त्यांतील एक अत्यंत बोलका प्रयोग मुंबईच्या महिंद्रा उद्योगसमूहाने २०११ ते २०१७ या काळात, नकळत का होईना, घडवून आणला. त्याची नोंद मराठी वाचकांपुढे फारशी आलेली नाही.

त्या प्रयोगाकडे वळण्यापूर्वी दुचाकीच्या बाबतीत माणूस आणि यंत्र यांना वेगळे करणे मुळातच का कठीण जाते, हे समजून घेतले पाहिजे. मोटोजीपी या सर्वोच्च वर्गातील गाडीचे किमान वजन अनेक वर्षे १५७ किलो राहिले आहे. तिच्यावर ६५ किलोचा स्वार बसला, की एकूण भारातील चौथ्या भागाहून अधिक हिस्सा माणसाचा होतो. मोटो-३ या कनिष्ठ वर्गात तर गाडी आणि स्वार यांचे वजन नियमानेच एकत्र मोजले जाते, त्याची किमान मर्यादा १५२ किलो आहे आणि त्यातील चाळीस टक्क्यांच्या आसपास वजन स्वाराचे असते. हा भार एका जागी थांबत नाही. वळणात शिरताना स्वार आतल्या बाजूला लोंबकळतो, तेव्हा दोघांचा मिळून गुरुत्वमध्य आत सरकतो आणि त्याच वेगासाठी गाडीला थोडे कमी झुकावे लागते. वळणातून बाहेर पडताना तो मागे सरकतो, तेव्हा मागच्या चाकावरचा दाब वाढतो आणि त्या चाकाची पकड बदलते. मोटारीतला चालक पट्ट्याने आसनाला बांधलेला असतो, दुचाकीवरचा स्वार मात्र गाडीच्या रचनेचाच हलता भाग असतो. त्यामुळे ‘गाडीचा तोल बिघडला’ या वाक्यात स्वाराचा उल्लेख नसला, तरी तो त्यात अंतर्भूत असतोच.

पकडीचेही तसेच आहे. टायर रस्त्याला जेवढ्या भागात टेकतो तो भाग तळहाताहून फारसा मोठा नसतो, आणि गाडी थांबवणे, वळवणे व पुढे ढकलणे ही तिन्ही कामे तेवढ्याच भागातून करून घ्यावी लागतात. एका पाटाचे पाणी दोन वाफ्यांत सोडले की एकाला जास्त मिळाले तेवढे दुसऱ्याला कमी पडते, तशी टायरची पकड ब्रेक आणि वळण यांच्यात वाटली जाते. गाडी जितकी अधिक झुकलेली, तितकी ब्रेकसाठी उरलेली पकड कमी. डोंगराळ धडगाव तालुक्यातून चांदसैली घाट उतरून तळोद्याकडे जाणाऱ्या दुचाकीस्वाराला हे सूत्रावाचूनही कळते, कारण उतारावर ब्रेक दाबताच भार पुढच्या चाकावर येतो, मागचे चाक हलके होते, आणि तशातच वळणावर पुढचा ब्रेक जरा जोरात दाबला गेला तर पुढचे चाक सुटते. शर्यतपटू याच मर्यादेच्या काठावर, साठ अंशांहून अधिक झुकून आणि मागचे चाक जमिनीपासून जवळजवळ उचलले जाईल इतका ब्रेक लावून, प्रत्येक फेरीत वावरत असतो. या काठावरून पडण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पकड सुटून चाक बाहेरच्या बाजूला निसटते आणि गाडी झुकलेल्या बाजूलाच आडवी होऊन घसरत जाते, त्याला लोसाइड म्हणतात. मागचे चाक आधी घसरून मग अचानक पकड घेते आणि स्वाराला उलट बाजूला हवेत फेकते, त्याला हायसाइड म्हणतात. पहिल्यात स्वार बऱ्याचदा उठून चालू लागतो, दुसऱ्यात बऱ्याचदा हाडे मोडतात.

पडण्याचा प्रकार पाहून दोष ठरत नाही. पुढचे चाक सुटले याचा अर्थ स्वाराने ब्रेक उशिरा सोडला असा होऊ शकतो, किंवा सांगाड्याची रचना अशी असू शकते की पकड संपत आल्याची सूचना त्याच्या हातांपर्यंत पोहोचलीच नाही. हा निवाडा सोपा व्हावा म्हणून आजच्या गाडीवर नोंदयंत्रे बसवलेली असतात. स्वाराने मूठ किती पिळली, पुढच्या-मागच्या ब्रेकवर किती दाब दिला, गाडी किती अंश झुकली, दोन्ही चाके किती वेगाने फिरली आणि धक्काशोषक किती दबले, हे सारे क्षणाक्षणाला टिपले जाते आणि त्याला टेलिमेट्री किंवा नुसते डेटा म्हणतात. हा डेटा साक्षीदार म्हणून किती भेदक असतो, ते ऑगस्ट २०२१ मध्ये दिसले. ऑस्ट्रियातील स्टिरियन शर्यतीत माव्हेरिक विन्यालेस मागे पडला. शर्यतीनंतर यामाहाने डेटा तपासून असे जाहीर केले की स्वाराने गाडी अनियमित रीतीने चालवली आणि त्यामुळे इंजिनाला इजा पोहोचू शकली असती. कंपनीने त्याला पुढच्या शर्यतीतून दूर ठेवले, त्याने वैफल्याच्या भरात तसे केल्याचे मान्य करून क्षमा मागितली, आणि उभयतांचा करार मोसम संपण्याआधीच संपुष्टात आला.

त्याच मैदानावर, त्याच स्वाराच्या बाबतीत, वर्षभरापूर्वी नेमकी उलट घटना घडली होती. ऑगस्ट २०२० मधील शर्यतीत पहिल्या वळणाकडे जाताना विन्यालेसच्या गाडीचा पुढचा ब्रेक निकामी झाला. ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगात असलेल्या गाडीवरून त्याने स्वतःला मागे झोकून दिले, गाडी कडेच्या हवेच्या गादीवर आदळून पेटली आणि तो सुखरूप उठला. वरवर पाहता हा यंत्राचा निखळ दोष आहे. मात्र त्या मैदानावर ब्रेकवर असाधारण ताण पडतो हे सर्वांना ठाऊक होते, ब्रेक पुरवणाऱ्या ब्रेम्बो कंपनीने अधिक उष्णता सहन करणारी नवी रचना उपलब्ध करून दिली होती, आणि विन्यालेसने सवयीची जुनी रचना वापरणे पसंत केले होते. ब्रेक यंत्राचा, पण तो निवडणारा माणूस. डेटा ब्रेकवरचा दाब कधी नाहीसा झाला ते सांगतो. निवडीच्या जबाबदारीची नोंद कोणत्याही यंत्रात होत नाही. दोषनिर्णयात डेटाला अखेरचा शब्द मानण्याची अलीकडची प्रवृत्ती म्हणूनच धोक्याची वाटते.

या ठिकाणी तुलनेची पद्धत उपयोगी पडते. तिचे अभिजात उदाहरण व्हॅलेंटिनो रॉसी, केसी स्टोनर आणि डुकाटी यांचे आहे. २००४ मध्ये रॉसी अव्वल होंडा सोडून मागे पडलेल्या यामाहाकडे गेला, दक्षिण आफ्रिकेतील पहिलीच शर्यत जिंकला आणि त्या वर्षीचे अजिंक्यपदही त्याने मिळवले, तेव्हा यंत्रापेक्षा स्वार मोठा असतो हे जणू सिद्ध झाले. सात वर्षांनी तोच रॉसी डुकाटीकडे गेला आणि २०११ व २०१२ या दोन मोसमांत त्याला एकही शर्यत जिंकता आली नाही. गाडी निकामी होती म्हणावे, तर स्टोनरने २००७ मध्ये डुकाटीवर अजिंक्यपद मिळवले होते आणि २०१० मध्येही तिच्यावर तीन शर्यती जिंकल्या होत्या. रॉसी संपला होता म्हणावे, तर २०१३ मध्ये यामाहाकडे परतल्यावर तो नेदरलँड्समधील आसेनची शर्यत जिंकला. दोन्ही आरोप तथ्यांपुढे टिकत नाहीत. टिकते ते एवढेच, की पुढच्या चाकाकडून येणाऱ्या सूक्ष्म जाणिवेवर रॉसीची सारी शैली उभी होती, त्या डुकाटीकडून ती जाणीव त्याला मिळत नव्हती, आणि स्टोनर मात्र त्या जाणिवेवाचूनही गाडी वेगात ठेवू शकत होता. म्हणजे दोष स्वारात नव्हता आणि केवळ यंत्रातही नव्हता. तो त्या जोडीत होता.

आता महिंद्रा. २००८ मध्ये महिंद्राने पुण्याच्या कायनेटिकचा दुचाकी व्यवसाय ताब्यात घेतला आणि त्याबरोबर मध्य प्रदेशातील पिथमपूरचा कारखानाही तिच्याकडे आला. स्कूटर आणि लहान मोटारसायकली बनवणाऱ्या या नवख्या कंपनीने २०११ मध्ये जागतिक स्पर्धेच्या १२५ सीसी वर्गात पाऊल टाकले, आणि अशा प्रकारे उतरणारी ती पहिली भारतीय कंपनी ठरली. शर्यतीच्या गाड्या अर्थातच पिथमपुरात बनत नव्हत्या, त्यांचे काम युरोपात चाले. वर्षअखेरीस स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या शर्यतीत डॅनी वेबने महिंद्राला अग्रस्थान मिळवून दिले, म्हणजे पात्रता फेरीत सर्वांत जलद वेळ नोंदवून त्याने आरंभरेषेवरचा पहिला क्रमांक पटकावला. २०१२ मध्ये १२५ सीसीची जागा २५० सीसीच्या एकसिलिंडरी, चार धावांच्या इंजिनांच्या मोटो-३ वर्गाने घेतली आणि महिंद्राची नवी गाडी सपशेल फसली. २०११ चे दोन्ही स्वार तेच असून ते शेवटच्या रांगांत अडकले, आणि मोसम संपण्याआधीच त्यांतला एक, मार्सेल श्र्योटर, संघ सोडून गेला. येथे निवाड्याला वाव नाही: दोष यंत्राचा होता, आणि कंपनीने तो कबूल केल्यासारखी गाडी स्वित्झर्लंडच्या सूटर या बांधणीकारांच्या साह्याने २०१३ साठी जवळजवळ नव्याने बनवली.

नव्या गाडीवर पोर्तुगालचा मिगेल ऑलिव्हेरा २०१३ मध्ये मलेशियातील सेपांगला तिसरा आला आणि २०१४ मध्ये आसेनला पुन्हा तिसरा. २०१४ च्या अखेरीस त्याचा क्रमांक दहावा होता. एवढ्यावरून तो चांगला पण असामान्य नसलेला स्वार ठरला असता. २०१५ मध्ये तो ऑस्ट्रियाच्या केटीएमच्या गाडीवर बसला, सहा शर्यती जिंकला आणि अवघ्या सहा गुणांनी अजिंक्यपदाला मुकला. एका हिवाळ्यात माणूस इतका बदलत नाही, त्यामुळे दहाव्या आणि दुसऱ्या क्रमांकांमधले अंतर बऱ्याच अंशी यंत्राचे होते असे म्हणणे भाग आहे. महिंद्राचा सांगाडा वळणांत हलका आणि आज्ञाधारक असे, इंजिन मात्र सरळ पट्ट्यावर केटीएम आणि होंडापेक्षा कमी पडे, असे त्या काळातील जाणकारांचे मत होते आणि ऑलिव्हेराचे निकाल त्याला दुजोरा देतात.

तथापि हा निष्कर्ष इथेच थांबवला तर फसगत होईल, कारण त्याच वेळी विरुद्ध दिशेने दुसरा प्रयोग चालू होता. इटलीचा फ्रांचेस्को बान्याया २०१४ मध्ये केटीएमवर होता. त्याच्याच संघातील रोमानो फेनाती त्या वर्षी चार शर्यती जिंकला, बान्यायाला मात्र पहिल्या तिघांत एकदाही येता आले नाही. २०१५ मध्ये तो आस्पार या स्पॅनिश संघाकडून महिंद्रावर, म्हणजे सर्वमान्य मतानुसार कमी वेगवान गाडीवर, आला आणि मागे पडण्याऐवजी पुढे सरकला. फ्रान्समधील ल माँ येथे तो तिसरा आला. पुढच्या वर्षी, २६ जून २०१६ रोजी, आसेनची शर्यत जिंकून त्याने महिंद्राला जागतिक स्पर्धेतील पहिला विजय मिळवून दिला. ऑक्टोबरात तो सेपांगलाही जिंकला आणि मोसमाअखेरीस चौथा राहिला. भारतीय कंपनीच्या नावाची गाडी जगज्जेत्या कंपन्यांच्या पुढे अंतिम रेषा ओलांडते, ही घटना आपल्याकडे क्रिकेटच्या बातम्यांखाली दबून गेली याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

त्याच आस्पार संघात, त्याच वर्षी, तशाच महिंद्रावर होर्हे मार्टिन हा स्पॅनिश तरुण होता आणि तो सोळावा आला. चौथा आणि सोळावा, एकच संघ, एकच गाडी. येथे दोष स्वाराचा, असा निकाल कोणीही दिला असता. २०१७ मध्ये मार्टिन होंडावर गेला, त्याने नऊ वेळा अग्रस्थान मिळवले आणि २०१८ मध्ये मोटो-३ चा जगज्जेता झाला. म्हणजे तो सोळाव्या क्रमांकाचा स्वार नव्हता. महिंद्राच्या उणिवा झाकण्याची जी हातोटी बान्यायाला साधली होती ती त्याला तेव्हा साधली नव्हती, एवढेच. जोरकस इंजिनाची गाडी मिळताच त्याचा वेग उघड झाला. कमजोर यंत्र सर्व स्वारांना सारखे मागे खेचत नाही, ज्याची शैली त्याच्या कमजोरीवर नेमकी आदळते त्याला ते अधिक खेचते.

या सगळ्यात ऑगस्ट २०१६ ची चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील शर्यत फार मोलाची आहे, कारण त्या दिवशी निसर्गाने इंजिनाचा घटक जवळजवळ काढून टाकला. महिंद्राने २०१५ मध्ये प्यूजो कंपनीच्या दुचाकी शाखेत बहुसंख्य भागभांडवल घेतले होते आणि त्यामुळे महिंद्राचीच गाडी प्यूजो या नावानेही शर्यतीत उतरत असे. ब्रनोला पाऊस झाला. ओल्या रस्त्यावर पकड इतकी घटते, की कोणत्याच इंजिनाची पूर्ण शक्ती वापरता येत नाही, आणि गाडीचा समतोल व स्वाराच्या हाताची नजाकत यांचेच महत्त्व उरते. स्कॉटलंडचा जॉन मॅकफी प्यूजोवर पहिला आला आणि मार्टिन महिंद्रावर दुसरा; पहिल्या दोन्ही जागी नाव निराळे असले तरी यंत्र एकच होते. कोरड्या रस्त्यावरच्या अपयशात इंजिनाचा वाटा किती होता, याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण.

कमजोर इंजिनाचा आणखी एक परिणाम असतो आणि दोषनिर्णयात तो सर्वांत अधिक दुर्लक्षिला जातो. सरळ पट्ट्यावर गमावलेला वेळ स्वार ब्रेक उशिरा लावून आणि वळणात अधिक वेगाने शिरून भरून काढू पाहतो, पकडीचा राखीव हिस्सा खर्च करतो आणि कधीतरी पडतो. डेटामध्ये त्या पडण्याची नोंद ब्रेक अधिक काळ दाबला अशीच होते, म्हणजे स्वाराची चूक. पण ती चूक करण्याची गरज यंत्राने निर्माण केलेली असते. २०१९ मध्ये मार्क मार्केझने होंडावर बारा शर्यती जिंकून ४२० गुण मिळवले, तर त्याच कंपनीचा होर्हे लोरेन्झो, जो स्वतः तीनदा मोटोजीपीचा जगज्जेता होता, अवघे २८ गुण मिळवू शकला. २०२० च्या पहिल्याच शर्यतीत मार्केझचा हात मोडला आणि त्या वर्षी होंडाला एकही विजय मिळाला नाही. एका स्वाराने गाडीचे सारे दोष आपल्या अंगावर झेलून ते झाकले होते, आणि तो दूर होताच ते उघडे पडले. २०२४ मध्ये तो डुकाटीवर आला, तेव्हा त्याचे निकाल सुधारले, पण त्याचे पडणे काही फारसे कमी झाले नाही. यावरून त्याच्या पडण्यात यंत्राच्या सक्तीबरोबर त्याच्या स्वभावाचाही वाटा होता, असे मानण्यास जागा आहे.

शर्यतीबाहेर, सार्वजनिक रस्त्यावर, हाच प्रश्न अधिक गंभीर रूपात उभा राहतो आणि तेथे त्याचे उत्तर अधिक घाईने दिले जाते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात सत्तर टक्क्यांहून अधिक अपघातांचे कारण अतिवेग असे दाखवले आहे; ही वर्गवारी पोलिसांच्या नोंदींवर आधारलेली असते. धडगावसारख्या डोंगराळ तालुक्यात घाटात दुचाकी घसरली, तर ‘हयगयीने व बेदरकारपणे वाहन चालवून’ या ठरलेल्या शब्दांनी स्वारावर ठपका येतो. वास्तविक कायद्याने इतर शक्यताही डोळ्यांपुढे ठेवल्या आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ अन्वये अपघातग्रस्त वाहनाची तपासणी करता येते आणि ब्रेक, टायर, सुकाणू यांची स्थिती नोंदवता येते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम ११०अ सदोष वाहने कंपनीला परत बोलावण्यास भाग पाडू शकते, आणि कलम १९८अ रस्त्याची रचना किंवा देखभाल मानकांनुसार नसेल तर जबाबदार यंत्रणेला व ठेकेदाराला दंड सांगते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी रचना, सक्तीची झाली, हीदेखील स्वाराच्या चुकीचे परिणाम यंत्राने सौम्य केले पाहिजेत या तत्त्वाची कबुलीच आहे. मोटोजीपीच्या गाडीवर मात्र एबीएसला परवानगी नाही, त्यामुळे घाटात चालणाऱ्या आजच्या दीडशे सीसीच्या गाडीला जे संरक्षण आहे ते जगज्जेत्याच्या गाडीला नसते.

रस्ता हा तिसरा पक्ष शर्यतीतही असतो. ३ जून २०१६ रोजी बार्सिलोनाच्या मैदानावर मोटो-२ या मधल्या वर्गाच्या सरावात लुईस सालोम हा तरुण स्वार बाराव्या वळणावर पडला आणि त्या अपघातात त्याचा मृत्यू झाला. त्या वळणाबाहेर वेग मोडणारी खडी नव्हती, डांबरी पृष्ठभाग होता, आणि त्यावरून तो व त्याची गाडी वेग न मोडता भिंतीपर्यंत गेले. चौकशीची वाट न पाहता आयोजकांनी उरलेल्या सराव-शर्यतींसाठी मैदानाचा मार्गच बदलला. स्वार का पडला हा एक प्रश्न आणि पडल्यावर तो का दगावला हा दुसरा, हे तेव्हा ओळखले गेले. चांदसैली घाटात पावसाळ्यात दरड कोसळून रस्त्यावर माती आणि दगड येतात, तेव्हाही हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले जायला हवेत. स्वाराचा वेग आणि कठड्याचा अभाव या एकाच पंचनाम्यात येऊ शकणाऱ्या दोन स्वतंत्र नोंदी आहेत, आणि दुसरी लिहिली गेली नाही तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत कठडा उभा राहण्याची शक्यता कमी होते.

महिंद्राने २०१७ च्या अखेरीस मोटो-३ सोडून विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या फॉर्म्युला ई स्पर्धेवर लक्ष एकवटले. त्या शेवटच्या वर्षी मार्को बेझेक्कीने जपानमधील मोतेगीला महिंद्रावर तिसरा क्रमांक मिळवला. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध मैदानावर भारतातील पहिली मोटोजीपी शर्यत झाली, तेव्हा बेझेक्की जिंकला, मार्टिन दुसरा आला आणि दुसऱ्या स्थानावर धावणारा बान्याया घसरून बाद झाला. तिघेही डुकाटीवर होते आणि तिघेही कधीकाळी महिंद्राचे स्वार होते, हे त्या दिवशी प्रेक्षकांपैकी किती जणांच्या ध्यानात आले असेल कोण जाणे. त्या वर्षीचे अजिंक्यपद बान्यायाने मार्टिनला मागे टाकून राखले, तर २०२४ मध्ये मार्टिनने ते १० गुणांनी हिरावले, जरी त्या वर्षी रविवारच्या अकरा मुख्य शर्यती बान्यायाने जिंकल्या होत्या. २०१६ मधले चौथ्या आणि सोळाव्या क्रमांकांमधले अंतर समान आणि सक्षम यंत्रावर जवळजवळ शून्यावर आले होते.

२०२५ मध्ये मार्केझ बान्यायाच्या शेजारी डुकाटीच्या मुख्य संघात आला आणि तो मोसम संपण्याच्या बराच आधी, मोतेगीलाच, जगज्जेता झाला. बान्याया मात्र त्याच नमुन्याच्या गाडीवर चाचपडत राहिला. मोतेगीला त्या शनिवार-रविवारी बान्यायाने छोटी आणि मुख्य अशा दोन्ही शर्यती जिंकल्या. आठवड्याभराने इंडोनेशियातील मंडालिकाला तो छोट्या शर्यतीत अगदी शेवटी राहिला आणि मुख्य शर्यतीत पडला. उष्ण हवामानामुळे तेथे मिशेलिन मागच्या चाकासाठी अधिक कडक बांधणीचा टायर देते, त्यामुळे संशय आधी टायरवर गेला. पण त्याच टायरवर फेर्मिन अल्देगुएर ही मुख्य शर्यत जिंकला, तोही डुकाटीवर, फक्त आदल्या वर्षीच्या नमुन्यावर. त्याच शर्यतीच्या पहिल्या फेरीत आता एप्रिलियावर असलेला बेझेक्की मार्केझवर आदळला, मार्केझ जायबंदी झाला, आणि चित्रफिती पाहून पंचांनी बेझेक्कीला दोषी धरून पुढील शर्यतीसाठी शिक्षा दिली. तो निवाडा करण्यास फार वेळ लागला नाही. बान्यायाच्या घसरणीचे समाधानकारक कारण मात्र त्या मोसमात ना त्याला सांगता आले, ना प्रत्येक फेरीचा डेटा हाती असलेल्या त्याच्या अभियंत्यांना.